गॅलरीतलं दुकान

रविवारी दुपारची जेवणं उरकली की रत्नप्रभाचं घर तिचं राहायचं नाही. कन्नमवार नगरातल्या त्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत अख्ख्या इमारतीची माणसं येऊन बसायची. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पाय ठेवायला जागा नाही, पोरं पलंगावर, बायका जमिनीवर, पुरुष खिडकीच्या कट्ट्यावर. टीव्हीशेजारी तिच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, शारजाहून आणलेला व्हीसीआर. त्याच्यावर सासूबाईंनी स्वतः विणलेलं लोकरीचं झाकण असायचं. बाळाने, म्हणजे नंदकिशोरच्या धाकट्या भावाने ते झाकण काढलं की सगळे गप्प व्हायचे.

रत्नप्रभा तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेली असायची. एवढ्या माणसांचा चहा व्हायला एक पातेलं पुरायचं नाही. पहिला घाणा झाला की दुसरा, मग कुणाच्या तरी पोराला पाणी, मग कप विसळणं. सिनेमा ती ऐकायची. मारामारी चाललीय की रडारड, एवढं भिंतीपलीकडून कळायचं. मध्येच कुणी म्हणायचं, ‘‘अगं रत्ना, ये ना बघायला!’’ आणि बोलणाऱ्याची मान तोवर पडद्याकडे वळलेलीही असायची.

सासूबाई, विमलाबाई, दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करायच्या. वाईट बाई नव्हत्या. नवरा गिरणीत होता. संपात नोकरी गेली आणि वर्षभरात माणूसही गेला. परळच्या चाळीतली खोली सोडून इथे विक्रोळीला आल्या त्या थोरल्याच्या दुबईच्या पैशांवर. नेमकं गाव शारजा असलं तरी त्यांच्या तोंडी दुबईच. आपल्या घरात लोक येतात, बसतात, नंदूचं नाव काढतात, एवढंच त्यांना हवं होतं. त्या बदल्यात सुनेने घराबाहेर फारसं पडू नये. नवरा परदेशी आणि बाई रस्त्यावर, हे त्यांना चालत नसे. भाजी बाळा आणायचा, रॉकेल बाळा आणायचा. रत्नप्रभा फार तर समोरच्या इमारतीत शकुकडे जायची, तेही ‘‘शकुकडे जाऊन येते हं आई’’ असं सांगून.

लग्न झाल्यापासून नवऱ्याचा सहवास म्हणजे वर्षाआड एक महिना. त्या महिन्यातही निम्मे दिवस गावी जायचे. मूल नव्हतं. त्यावर कुणी काही बोललं की विमलाबाईच सुनेची बाजू घ्यायच्या, पण घ्यायच्या अशा मोठ्याने, की रत्नप्रभाला त्यापेक्षा लोकांचं बोलणं परवडलं असं वाटायचं.

लग्नाआधी ती लालबागला एका वाचनालयात कामाला होती. मासिकं आणि कादंबऱ्या भाड्याने देणारं, जिन्याखालच्या जागेतलं वाचनालय. तिथे बसून तिला माणसं वाचायची सवय लागली होती. कोण पुस्तक वेळेवर आणणार, कुणाला रडवणारं हवं, कुणाला नवऱ्यापासून लपवून वाचायचंय. म्हणूनच एका रविवारी बाळा घाटकोपरच्या व्हिडिओ लायब्ररीतून हात हलवत परत आला, ‘‘चांगल्या सगळ्या कॅसेट बाहेर गेल्यात’’ म्हणाला आणि जमलेली मंडळी हिरमुसून उठली, तेव्हा तिच्या डोक्यात लख्खकन आलं. पुस्तक जातं आणि येतं, तशीच कॅसेट जाते आणि येते. अख्ख्या कन्नमवार नगरात एकही लायब्ररी नाही. आणि आपल्या घराला रस्त्याच्या बाजूची बंद केलेली गॅलरी आहे. तिच्या खिडकीला बाहेरून फळी लावली की झालं दुकान.

हा विचार तिला एकदम आवडला त्याला आणखी एक कारण होतं. मागच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बॅग भरता भरता नंदकिशोर म्हणाला होता, ‘‘इथे आपलं स्वतःचं काही असतं ना रत्ना, तर मी कशाला गेलो असतो मरायला त्या वाळूत?’’ तो बोलून गेला. तिने ते वाक्य जपून ठेवलं.

आता हे त्याला सांगायचं कसं?

नंदकिशोरला लिहायचा कंटाळा. तो बोलून पाठवायचा. कंपनीच्या कॅम्पमधला कुणीतरी सुट्टीवर येताना त्याची ऑडिओ कॅसेट घेऊन यायचा, आणि ती टेपरेकॉर्डरवर लावायची तर सगळ्यांसमोर. शेजारणीसुद्धा यायच्या. ‘‘आई, मी नंदू बोलतोय,’’ असं सुरू व्हायचं आणि हवापाणी, जेवण, कुणाला काय पाठवलंय ते सगळं झालं, की शेवटी ‘‘रत्ना, तब्येतीला जप’’ एवढं यायचं. तो तरी आणखी काय बोलणार? त्यालाही माहीत होतं, कोण कोण ऐकतंय ते. उत्तराची टेप भरतानाही तसंच. आधी आई, मग बाळा, मग शेजारचं कुणी हौशी, आणि टेप संपत आली की विमलाबाई मायक्रोफोन सुनेच्या तोंडापुढे धरायच्या आणि स्वतः शेजारीच बसायच्या.

‘‘माझ्याकडे ये आणि बोल,’’ शकु म्हणाली. शकु महापालिकेच्या बालवाडीत शिकवायची, तिचा नवरा भीमराज कारखान्यात होता, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ‘‘माझ्या घरी टेप आहे, दुपारी कुत्रं फिरकत नाही. नवऱ्याशी बोलायला सासू कशाला लागते गं तुला?’’

‘‘कळलं तर?’’

‘‘कळलं तर काय फाशी देतील? उलट दुकान उघडलंस की मला पहिली मेंबर कर.’’

तर एका दुपारी शकुच्या घरी, पंखा बंद करून, कारण त्याचा आवाज टेपमध्ये येत होता, रत्नप्रभा नवऱ्याशी बोलली. गॅलरी, फळी, कपाट, मेंबर, सगळं समजावून सांगितलं. दुपारी बायकांना घरच्या घरी बघता येतील असे सिनेमे ठेवीन म्हणाली. येताना तिकडून कोऱ्या कॅसेट घेऊन या म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे मग तुम्हाला परत जावं लागणार नाही.’’ बाहेर आली तेव्हा पदराने मान पुसत होती. शकुने तिला पाणी दिलं.

टेप एका जाणाऱ्याबरोबर गेली. उत्तर यायचं होतं, पण रत्नप्रभाला थांबवेना. शकुने बालवाडीतून रजा काढली, ‘‘डोळे तपासायला नेते हिला’’ असं विमलाबाईंना खोटंच सांगितलं, आणि दोघी ग्रँट रोडला एका कॅसेटच्या व्यापाऱ्याकडे जाऊन थडकल्या. अरुंद जिना, वर काचेचं दार, आत छतापर्यंत कॅसेट. व्यापाऱ्याने दोघींच्या मागे बघितलं.

‘‘शेठ किधर है?’’

‘‘शेठ ये है,’’ शकुने रत्नप्रभाकडे बोट दाखवलं.

तो हसला, पण हसणं पुरं होण्याआधी रत्नप्रभाने विचारलं, ‘‘खराब निकली तो वापस लेते क्या? और हेड साफ करने का क्या रखते?’’ मग त्याने स्टूल पुढे केलं. त्याने तिला चांगली प्रिंट कशी ओळखायची ते दाखवलं, कुठल्या कॉप्यांवर पोलीस धाड घालतात ते सांगितलं, लग्नसराईत व्हीसीआर भाड्याने जातो म्हणून दुसरं मशीन ठेवा म्हणाला. येताना शकु रस्त्याने सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. ‘‘प्रभा व्हिडिओ. लाल अक्षरात. बघ कसं झकास दिसेल.’’ कितीतरी दिवसांनी रत्नप्रभाला जोरात भूक लागली होती. दोघींनी उभ्या उभ्या बटाटेवडे खाल्ले.

उत्तर घेऊन सहदेव आला. सहदेव त्यांच्या गावचाच, नंदकिशोरच्या कॅम्पवर त्याच्याच खोलीत राहणारा. तो येणार म्हटल्यावर नेहमीसारखी माणसं जमली. रत्नप्रभाने त्याला दाराशीच गाठायचं ठरवलं होतं, ही टेप माझी आहे, माझ्याकडे द्या, असं सांगायचं. पण दार विमलाबाईंनी उघडलं, आणि सहदेवने पिशवीतून खजूर, साबण आणि कॅसेट एकदमच त्यांच्या हातात दिली.

‘‘आई, मी नंदू बोलतोय.’’ नेहमीचं सगळं झालं. आणि मग, ‘‘रत्नाने टेप करून पाठवली ती मिळाली. व्हिडिओ लायब्ररीची आयडिया एकदम भारी आहे. मी इथे सगळ्यांना सांगितली. आपण काढूया दुकान.’’

रत्नप्रभा ओट्याजवळ उभी होती, ती दारात आली.

‘‘बाळा, तू लक्ष दे. आता नोकरी शोधायच्या भानगडीत पडू नको. दुकानात तू बस. परवाना तुझ्या नावावर काढ. दुबईचं डोक्यातून काढून टाक, घरात एक पुरुष माणूस पाहिजे ना? आणि रत्ना, तू आईला सोडून दुकानात बसू नको. तू घर बघ. तब्येतीला जप.’’

‘‘वा वा!’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘बाळाशेठ, आता पार्टी पाहिजे.’’ बायका रत्नप्रभाकडे बघून कौतुकाने हसल्या. बाळाच्या पाठीवर थापा पडत होत्या आणि तो टेपरेकॉर्डरकडे बघत बसला होता, जणू आत आणखी काही राहिलंय.

विमलाबाई मात्र सगळे जाईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘कोणाच्या घरात जावन बोल्लंस गो? माझ्या घरात तुका बोलूक जागा नाय?’’

त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. रागावल्या असत्या तर रत्नप्रभाला उत्तर देता आलं असतं.

कन्नमवार नगराच्या मागे खाडी आहे. तिवरांच्या अलीकडे एक पडकी भिंत, तिच्यावर बाळा संध्याकाळी बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला नाही, तेव्हा त्याला बोलावण्याचं निमित्त करून रत्नप्रभा तिकडे गेली. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता.

‘‘वहिनी, माझी वाट लावलीस तू,’’ तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

‘‘मी? मी टेपमध्ये तुझं नावसुद्धा घेतलं नव्हतं रे.’’

‘‘माहितीय. तुला पाहिजे होतं ते मला मिळालं. मला पाहिजे ते कुणालाच नको.’’ त्याने भिंतीचा एक तुकडा काढून चिखलात फेकला. ‘‘पासपोर्ट काढून ठेवलाय मी. दादा दर वेळी म्हणतो, पुढच्या खेपेला बोलावतो. सहदेव सांगतोय, त्यांच्या कंपनीत हेल्पर भरतायत. दादाने सुपरवायझरला एक शब्द टाकला की काम झालं. पण तो टाकणार नाही. मी इथे तुमची राखण करायला पाहिजे ना!’’

‘‘आमची राखण?’’

‘‘मग काय? दुकान म्हणजे काय, मला बांधून ठेवायला खुंटी. मी विचारलं तर आई रडेल, दादा ओरडेल. तू बोल ना वहिनी. तू म्हटलंस तर तो ऐकेल. दुकानाचं ऐकलं की नाही?’’

‘‘बघते,’’ ती म्हणाली.

बघते म्हणाली, पण तिने ते बाजूलाच ठेवलं. तिला सरळ दिसत होतं. बाळा राहिला तर दुकान होणार. त्याच्या नावाने का होईना, होणार. त्याला कंटाळा आला की तो उठून जाईल आणि तिला आपोआप तिथे बसता येईल. बाळा गेला तर सासूबाई गॅलरीचं दार उघडू देणार नाहीत. तिला गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. आणि गप्प बसण्याची तिला चांगली सवय होती.

सुतार आला. गॅलरीची मापं घेतली, लाकूड आलं, खिडकीला फळी बसली. ‘‘कप्पे कसे करू, भाऊ? उभे की आडवे?’’ सुताराने विचारलं. रत्नप्रभाच्या ओठावर उत्तर होतं. उभे, म्हणजे नाव वाचता येतं. बाळा दाराला टेकून उभा होता. ‘‘कसेही करा,’’ तो म्हणाला. सुताराने पुन्हा विचारलं, दार कुठल्या बाजूला? ‘‘कुठल्याही.’’ मग सुतार म्हणाला, ‘‘जरा आत बसून बघा, हात पुरतो का.’’ बाळा फळीच्या आत जाऊन स्टुलावर बसला. एका बाजूला भिंत, एका बाजूला कपाट, समोर गज. त्याने हात पुढे केला, तो फळीपर्यंत पुरला. ‘‘बरोबर आहे,’’ म्हणाला आणि तसाच बसून राहिला. सुतार दुसऱ्या कामाला लागला तरी तो उठेना. रस्त्यावरून त्याचे मित्र हाका मारत गेले. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, पण रत्नप्रभाला त्याची पाठ म्हाताऱ्या माणसासारखी वाटली. ती आत गेली आणि कारण नसताना ओटा घासत बसली.

सहदेव परत निघायच्या आधी नेहमीप्रमाणे टेप भरायला बसले. विमलाबाई बोलल्या. दुकानाचं काम कसं छान चाललंय ते बोलल्या. बाळाने दोन वाक्यं म्हटली. मग मायक्रोफोन रत्नप्रभापुढे आला.

‘‘अहो,’’ ती म्हणाली. ‘‘बाळाला तिकडे बोलवा.’’

विमलाबाई सुनेकडे वळल्या.

‘‘त्याला दुकानात बसायचं नाही. तो बसेल तुम्ही सांगितलंत म्हणून, पण त्याचं मन नाही. सहदेव आहेत इथे समोर, त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही सुपरवायझरशी बोला. दुकान मी बघते. मी लालबागला बसत होते, मला येतं. आईंना सोडून कुठे जाणार नाही, घरातच तर आहे दुकान.’’

‘‘बंद कर तां!’’ विमलाबाई ओरडल्या. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या टेपरेकॉर्डरवर हात आपटत राहिल्या. ‘‘माझे दोन झील. एक थंय, आता दुसरोय धाडतंस? मी मेलंय तर तोंडात पाणी कोण घालतलो?’’

चाकं फिरत होती. सगळं टेपवर जात होतं. बाळा खाली मान घालून बसला होता, पण त्याने बंदचं बटण दाबलं नाही. सहदेवने शेवटी ते दाबलं, कॅसेट काढली आणि खिशात घातली.

बाळाचं काम झालं. झालं ते इतक्या झटपट, की त्याला शर्ट शिवायला वेळ मिळाला नाही. विमानतळावर तो रत्नप्रभाच्या पाया पडायला वाकला आणि आईला सोडताना लहान पोरासारखा रडला. घरी आल्यावर दोघी बायका दोन खोल्यांत बसल्या. व्हीसीआरवरचं झाकण कुणी काढलं नाही. रविवारी माणसं आली आणि दारातूनच परत गेली.

विमलाबाई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. जेवायच्या, पण ताटाकडे बघून. रत्नप्रभाही शकुकडे जायची बंद झाली; या बाईला एकटं टाकून जाणं तिला जमेना, आणि तिच्यासमोर बसणंही जमेना. गॅलरीत कपाट अर्धवट उभं होतं, त्याच्यावर भुसा तसाच. एका सकाळी ती उठली तेव्हा सासूबाईंनी आपली खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली होती आणि त्या फडक्याने फळी पुसत होत्या.

‘‘दुकान काढतलंस म्हणालंस ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मगे काढ. एवढां लाकूड फुकट कित्याक घालवतंस? पण मी हयसर बसान. बाप्ये माणसांशी मी बोलान.’’

तसं दुकान निघालं. कप्पे उभे झाले. व्यापारी ग्रँट रोडवरून माणसाबरोबर माल पाठवू लागला. परवाना देणाऱ्या साहेबाच्या ऑफिसात भीमराजने चार चकरा मारल्या. पाटी लाल अक्षरात झाली, पण सासूबाईंच्या सांगण्यावरून नाव पडलं ‘नंदकिशोर व्हिडिओ’. रत्नप्रभाने हरकत घेतली नाही. माणूस येणार, त्याच्या नावाची पाटी असलेली बरी, असंच तिला वाटलं.

गुढीपाडव्याला उद्घाटन. खिडकीला झेंडूचं तोरण, रस्त्यावर निम्मी वसाहत. शकु नवी साडी नेसून पेढे वाटत होती. नेमका त्याच दिवशी जयवंत नावाचा कॅम्पवरचा एक जण सुट्टीवर आला आणि टेप घेऊन थेट दुकानातच आला. ‘‘लावा, लावा,’’ सगळे म्हणाले. ‘‘मालकाचा आवाज नको का आजच्या दिवशी?’’

आधी बाळा बोलला. उन्हाच्या, उंटांच्या आणि कॅम्पमधल्या आमटीच्या गमती सांगितल्या. सगळे हसले. विमलाबाईंनी डोळे पुसले. मग नंदकिशोर.

‘‘रत्ना, तू तर कमाल केलीस. दुकान झालं, बाळापण मार्गी लागला. आता माझ्या डोक्याला घराची म्हणून काळजी राहिली नाही. म्हणूनच कंपनीने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नव्या काँट्रॅक्टवर सही केली. आता मोठी सुट्टी नाही मिळणार, पण तुम्ही दोघी आता काय, राणीसारख्या! दुकान वाढवा. मी इथून…’’

‘‘वा!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नप्रभा फळीच्या आत उभी होती. मागे कपाट, बाजूला भिंत. बाहेर जायला सासूबाईंची खुर्ची उचलावी लागली असती. तिने सासूबाईंकडे बघितलं. टाळ्या न वाजवणाऱ्या त्या दोघीच होत्या.

‘‘वहिनी, पहिली कॅसेट मला,’’ बाहेरून कुणीतरी हात आत घातला. तिने दिली.

दुकान चाललं. चाललं म्हणजे धावलं. सकाळपासून खिडकीवर टकटक. लग्नाचं बुकिंग, आजारी म्हातारीसाठी देवाधर्माचा सिनेमा, परीक्षा संपलेली पोरं. दुपारी बायका यायच्या, त्यांच्याशी बोलताना रत्नप्रभाला लालबागचे दिवस आठवायचे आणि ती खरोखर हसायची. पण शकुकडे जाणं संपलं. भाजीवाला खिडकीतून भाजी द्यायचा. सणावाराला माहेरी जायचं तर दुकान कोण बघणार? आधी सासूबाई अडवायच्या, आता कुणी अडवत नव्हतं आणि तरी ती कुठे जात नव्हती.

जयवंत परत निघाला तेव्हा टेप भरायची वेळ आली. विमलाबाईंनी मायक्रोफोन हातात घेतला, धरून बसल्या, आणि मग सुनेकडे दिला.

‘‘आता तो काय येवचो नाय गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू बोल. मी भायर बसतंय.’’ आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

रत्नप्रभाने बटण दाबलं. ‘‘अहो, मी बरी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘दुकान छान चाललंय. आईंची तब्येत ठीक.’’ आणि तिच्या लक्षात आलं, की खोलीत कुणी नाही, आणि तरी आपण तेच बोलतोय. चाकं फिरत राहिली. बाहेर खिडकीवर कुणीतरी फळी वाजवत होतं. ‘‘वहिनी, आहे का कोण?’’

‘‘बरी नाही मी,’’ ती टेपला म्हणाली. ‘‘दुकान तुम्ही घरी यावं म्हणून काढलं. तुम्ही न यावं म्हणून नाही. एवढंच.’’

तीच टेप तिने जयवंतबरोबर पाठवली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी अंबादास किराणावाल्याचा माणूस पळत आला. त्याच्या दुकानात फोन होता. ‘‘धुरीवहिनी, शारजाचा फोन! लवकर, लाईन चालू आहे. फक्त तुम्हालाच बोलावलंय.’’

खिडकीशी गिऱ्हाईकं होती. रत्नप्रभाने त्यांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली आणि ती अनवाणीच धावली. अंबादासच्या दुकानात साखर घेणारे, तेल घेणारे उभे होते, ते बाजूला झाले, पण गेले नाहीत.

‘‘रत्ना? टेप ऐकली मी.’’ आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. ‘‘एकट्याने ऐकली.’’

‘‘हो.’’

‘‘काय करू सांग.’’

‘‘या.’’

तिकडे खरखर झाली. तो गेला असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, ‘‘मी गेलो होतो गं ऑफिसात. सोडतो म्हटलं. ते म्हणाले, सही केली आहेस. पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. जुन्या काँट्रॅक्टवर सुट्टीपुरता तरी द्यायचे, नव्यावर ते संपेपर्यंत देत नाहीत. कुणालाच देत नाहीत.’’

‘‘हे तुम्ही कधी सांगितलं नाही.’’

‘‘काय सांगणार? टेपवर सगळे ऐकतात.’’

लाईन कटली. अंबादासने रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन कानाला लावून बघितला आणि खाली ठेवला. ‘‘परत येईल,’’ तो म्हणाला. ती जरा वेळ उभी राहिली. फोन परत आला नाही.

घरी आली तर विमलाबाई खुर्चीतून उठून दारात उभ्या होत्या. बाहेर गिऱ्हाईकं तशीच थांबलेली.

‘‘काय म्हणालो?’’

खोटं सांगायचं तिच्या मनात आलं होतं, रस्त्याने येताना तिने ते जुळवूनही ठेवलं होतं. पण तिला ते बोलता आलं नाही. ‘‘यायला बघत होते,’’ ती म्हणाली. ‘‘पण पासपोर्ट कंपनी ठेवून घेते. सुटका होईपर्यंत देत नाही. कुणालाच नाही देत म्हणाले.’’

विमलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

‘‘आणि बाळाचो?’’

फळीवर पुन्हा टकटक झाली. रत्नप्रभाने सासूबाईंचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, आहेत आत, आत्ताच गेल्या, येतील.